ब्रिज मोड (डीएसएल मोडेम)

ब्रिज मोड ही डीएसएल मोडेमची एक मांडणी आहे. या मांडणीत मोडेम केवळ दूरध्वनीच्या तारेवरील संकेतांचे रूपांतर करतो. सेवादात्याशी जोडणी करणे, घरातील संगणकांना पत्ते देणे आणि वायफाय पुरवणे ही कामे त्याला जोडलेला स्वतंत्र राउटर करतो.

पार्श्वभूमी

बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये 'डेटावन' या नावाने ब्रॉडबँड सेवा सुरू केली. मुंबईत ही सेवा एमटीएनएलकडे होती. उर्वरित महाराष्ट्रात, आणि म्हणून लातूर जिल्ह्यातील निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावांतही, ती बीएसएनएलच्या तांब्याच्या तारेवरून मिळू लागली. बोलण्याचा आवाज या तारेवर सुमारे ४ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा व्यापतो. एडीएसएल २५ किलोहर्ट्झच्या वरचा पट्टा वापरते, त्यामुळे बोलणे आणि इंटरनेट एकाच वेळी चालू शकते. दोहोंना वेगळे करणाऱ्या लहान डबीस स्प्लिटर म्हणतात.

तार घरात जिथे शिरते तिथेच, म्हणजे बहुधा दर्शनी खोलीत, मोडेम बसतो. जुन्या वाड्यांच्या दगडमातीच्या जाड भिंतींतून त्याचे वायफाय आतल्या खोल्यांत पोचत नाही. अशा वेळी लांब केबल टाकून घराच्या मध्यभागी चांगला राउटर ठेवणे हा सोपा उपाय ठरतो. मात्र राउटर बदलल्याने तारेचा वेग वाढत नाही. एडीएसएल२+ची कमाल मर्यादा २४ मेगाबिट प्रतिसेकंद असली, तरी दूरध्वनी केंद्रापासून अंतर वाढेल तसा संकेत क्षीण होतो.

दोन राउटरांचा प्रश्न

घरगुती डीएसएल मोडेममध्ये बहुधा राउटरही अंतर्भूत असतो. त्यास दुसरा राउटर नुसता जोडला, तर पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते व काही खेळ, कॅमेरे आणि दूरस्थ जोडण्या अडखळतात. दोन्ही उपकरणांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर जोडणीच होत नाही. सेवादात्याशी बोलणी करणारे उपकरण एकच असावे, हे या मांडणीचे सूत्र.

मांडणी

प्रथम सेवादात्याने दिलेले वापरकर्तानाव व पासवर्ड हाताशी ठेवावेत. पासवर्ड पूर्वी कधीतरी तंत्रज्ञाने मोडेममध्ये भरून ठेवलेला असतो आणि घरात कोणालाच तो ठाऊक नसतो. तो मिळाल्याखेरीज मोडेमला हात लावू नये. मोडेमच्या जुन्या नोंदी वहीत उतरवून घ्याव्यात.

संगणक केबलने मोडेमला जोडून ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता उघडावा. जोडणीचा प्रकार पीपीपीओईऐवजी ब्रिज असा निवडावा. व्हीपीआय व व्हीसीआय हे दोन आकडे मात्र पूर्वीचेच राहिले पाहिजेत. बीएसएनएलसाठी ते सर्वसाधारणपणे ० आणि ३५ असतात. हे चुकले, तर डीएसएलचा दिवा स्थिर जळूनही इंटरनेट मिळत नाही. मोडेममधील पत्तेवाटप (डीएचसीपी) आणि वायफाय बंद करावे.

त्यानंतर मोडेमच्या लॅन खाचेतून निघणारी केबल राउटरच्या वॅन खाचेत घालावी. बऱ्याच राउटरांवर तिचा रंग निराळा असतो. राउटरमध्ये पीपीपीओई निवडून नाव व पासवर्ड भरावेत. एका पुडक्याची कमाल लांबी (एमटीयू) १४९२ ठेवतात, कारण इथरनेटच्या १५०० बाइटांपैकी ८ पीपीपीओईच्या वेष्टनात खर्ची पडतात. काही संकेतस्थळे उघडतात व काही अर्धवट थांबतात, अशा वेळी हा आकडा प्रथम तपासावा.

सुरू करताना आधी मोडेम, त्याचा डीएसएल दिवा स्थिर झाल्यावर राउटर, असा क्रम ठेवावा. जुनी जोडणी केंद्रात काही काळ जिवंत राहिल्यामुळे नवी नाकारली गेली, तर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा.

पर्याय आणि मर्यादा

पासवर्ड उपलब्ध नसेल, तर मोडेम आहे तसाच ठेवून नव्या राउटरचे पत्तेवाटप बंद करावे, त्यास निराळा पत्ता द्यावा व केबल वॅनऐवजी त्याच्या लॅन खाचेत लावावी. मग तो केवळ वायफायचे केंद्र म्हणून चालतो. घरगुती वापरास हे बहुधा पुरते.

ब्रिज मोडमध्ये मोडेमचे पान राउटरमागून सहसा उघडत नाही. संगणकास मोडेमच्या मालिकेतील स्थिर पत्ता देऊन थेट जोडावे लागते. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या, की विजेच्या प्लगबरोबर दूरध्वनीची तारही काढावी. तारेतून येणारा दाब मोडेममधून केबलवाटे राउटरपर्यंत पोचू शकतो.

तांब्याच्या जागी फायबर आल्यावर मोडेमची जागा ओएनटी घेतो. त्यातही ब्रिज मोड असतो, पण व्हीपीआय-व्हीसीआयऐवजी व्हीलॅन क्रमांक भरावा लागतो.