इग्वाना, घोरपड आणि आपलीं घरें

डहाणू-तलासरीच्या बाजूस घोरपड कोणाला ओळख करून द्यावी लागत नाहीं. शेताच्या बांधावर, जुन्या विहिरीच्या कपारींत, चिकूच्या वाडींत ती केव्हांतरी दिसतेच. परंतु मुंबईकडून आलेला एक नवा पाहुणा आतां आमच्याकडच्या एखाद्या घरींही दिसूं लागला आहे. अंग हिरवें, पाठीवर कांट्यांची रांग, गळ्याखालीं पदरासारखी लोंबणारी कातडी. त्याचें नांव हिरवा इग्वाना. शेजारीपाजारी त्याला ‘विलायती घोरपड’ म्हणून मोकळे होतात. ह्या एका नांवापायीं त्या मुक्या प्राण्याचे पुष्कळ हाल होतात, म्हणून आरंभ नांवापासूनच करतों.

१४९२ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत कोलंबसाच्या मंडळींनीं बहामा बेटांवर ह्याच कुळांतला एक मोठा सरडा मारला, आणि रोजनिशींत त्याची नोंद सर्प म्हणून झाली. त्या बेटांवरील ताइनो लोकांच्या बोलींतला ‘इवाना’ हा शब्द स्पॅनिश लोकांनीं उचलला व त्याचा इग्वाना झाला. १७५८ सालीं लिनियसनें तें नांव शास्त्रांत घातलें. पुढें पूर्वेकडे आलेले युरोपीय लोक आपल्या घोरपडीलाही ‘ग्वाना’ म्हणूं लागले. १८८६ सालीं निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन ह्या प्रसिद्ध कोशानें स्पष्टच लिहून ठेवलें आहे कीं, हा शब्दही हिंदुस्थानचा नव्हे आणि तो प्राणीही हिंदुस्थानचा नव्हे. ऑस्ट्रेलियांत तर इंग्रजांनीं तेथल्या घोरपडींना ‘गोआना’ करून टाकलें. पूर्वीं परक्याचें नांव आपल्या घोरपडीला चिकटलें. आज घोरपडीचें नांव परक्याला देऊन आपण त्याची फेड करीत आहों!

पण दोघांचीं कुळें वेगळीं आणि भूकही वेगळी. घोरपड किडे, खेकडे, उंदीर, पक्ष्यांचीं अंडीं खाणारी. हिरवा इग्वाना मध्य व दक्षिण अमेरिकेंतल्या अरण्यांत नदीकांठच्या झाडांवर राहणारा, पाला, फुलें आणि फळें खाणारा. घोरपडीचा भाऊ समजून कोणी त्याला मायेनें अंडें किंवा मांस चारतो, आणि त्याचीं मूत्रपिंडें हळूहळू निकामी होतात.

शिवाय घोरपडीशीं आपला संबंध जुना असला, तरी तो पाळण्याचा नव्हे. मुधोळच्या घोरपडे घराण्याची परंपरा सांगते कीं, बहामनी काळांत खेळणा किल्ल्यावर घोरपडीच्या साह्यानें चढाई केल्याबद्दल हें नांव मिळालें. १६७० सालच्या सिंहगडच्या लढाईंतली तानाजीची यशवंती तर पोवाड्यानें घरोघर नेली. सभासदाच्या बखरींत मात्र घोरपड नाहीं. तेथें मावळे वानरांप्रमाणें कडा चढतात. मीं वर्षानुवर्षें हा धडा शिकविला, तेव्हां पाड्यावरून येणाऱ्या एका मुलानें उभें राहून सांगितलें होतें, “गुरुजी, घोरपडीला दोर बांधला तर ती वर कशाला जाईल? ती बिळांत जाईल.” बखरकारांच्या वादापेक्षां मला त्या मुलाचें निरीक्षण अधिक वजनदार वाटत आलें आहे. गोव्यांत घुमटाच्या तोंडावर घोरपडीचें कातडें ताणीत. आतां त्या जागीं बकऱ्याचें कातडें वापरतात. ‘हत्था जोडी’ नांवाची दुर्मिळ मुळी म्हणून भोळ्या भाविकांना जी वस्तु विकली जाते, ती नर घोरपडीचें वाळविलेलें जननेंद्रिय असतें, हें २०१७ च्या सुमारास उघडकीस आलें. गड, कातडें, तेल, तोडगा! ह्या सगळ्या इतिहासांत ह्या प्राण्याला भीति कशाची वाटते, असा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाहीं.

गाय, मांजर, कोंबडी ह्यांच्याविषयीं आपल्याला कांहीं शिकावें लागत नाहीं. हजारों वर्षें तीं माणसाजवळ राहिलीं आणि त्यांचें ज्ञान आजीकडून नातवाकडे आपोआप आलें. इग्वानाच्या बाबतींत अशी आजी कोणाच्याही घरीं नाहीं, आणि त्यालाही माणसाच्या घराचा वारसा नाहीं.

डहाणूजवळच्या एका वाडींत मीं हें प्रत्यक्ष पाहिलें. अकरा माणसांचें घर, चिकूचा हंगाम, दिवसभर मजुरांची व गिऱ्हाइकांची ये-जा. नातवानें हौसेनें आणलेला इग्वाना ओटीवर दाराशेजारीं, जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यांत होता. येणारा प्रत्येक जण वाकून वरून पाही. मुलें वरूनच हात घालीत. त्याचा हिरवा रंग काळवंडला आणि त्यानें खाणें सोडलें. घरच्यांना वाटलें, पाला मानवला नाहीं. खरें कारण त्याच्या माथ्यावर होतें. इग्वानाच्या डोक्यावर मध्यभागीं एक फिकट खवला असतो. तो त्याचा तिसरा डोळा. त्यानें आकृति दिसत नाहीं, पण उजेड आणि सावली कळते. अरण्यांत वरून पडणारी सावली म्हणजे झडप घालणारा पक्षी. त्या घरांत त्याच्यावर दिवसांतून शंभर वेळां ससाणा झेपावत होता म्हणाना!

उपाय साधा निघाला. पिंजरा आंतल्या खोलींत, माणसाच्या डोळ्यांहून उंच ठेवला. तीन बाजूंना कापड लावलें, आंत जाड फांदी आडवी बसविली आणि लपावयास पाल्याचा आडोसा केला. पहिले दोन आठवडे कोणीही हात लावावयाचा नाहीं. खाणें एकाच माणसानें, ठरलेल्या वेळीं, बाजूनें द्यावयाचें. मुलांना जवळ बसून मोठ्यानें धडे वाचण्याची मुभा होती. त्यामुळें मुलांचा आवाज त्याच्या ओळखीचा झाला, आणि मुलांचे धडेही झाले. पुढें तो फांदीवरून मान हलवूं लागला आणि हातांतलें जास्वंदीचें फूल घेऊं लागला. शेपटीचे तडाखे थांबावयास मात्र कित्येक महिने लागले. शेपटी धरून ओढली तर ती तुटून हातांत येते, हें मुलांना आधींच सांगून ठेवावें.

ऊब आणि ऊन ह्यांची तजवीज मायेहून मोठी. दिवसा त्याच्या बसण्याच्या जागीं सुमारें ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारींत रात्रीं पारा २० अंशांखालीं येतो, तेव्हां उबेचा दिवा लागतो, आणि वीज गेली तर काय करावयाचें हें आधीं ठरवावें लागतें. कांचेच्या खिडकींतून आलेलें ऊन त्याच्या हाडांना उपयोगी नाहीं, कारण लागणारे अतिनील किरण कांच अडविते. त्यासाठीं खास दिवा, किंवा जाळीच्या पिंजऱ्यांत अर्ध्या सावलीसह सकाळचें कोवळें ऊन. हें न मिळाल्यास हाडें मऊ पडून वांकतात. खाण्यास जास्वंदीचीं पानें-फुलें, शेवग्याचा पाला, भोपळा. चिकू क्वचित् एखादी फोड. खोलींत मोकळा सोडतांना छताचा पंखा बंद. हाताळल्यावर साबणानें हात धुवावे, कारण त्याच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असूं शकतात. तान्हीं मुलें आणि आजारी वृद्ध ह्यांना त्याच्यापासून दूर ठेवावें.

हा पाहुणा दीड मीटरपर्यंत वाढतो आणि नीट सांभाळल्यास दहा-पंधरा वर्षें जगतो. पिल्लू पाहून हुरळणाऱ्यांना हें ठाऊक नसतें. मग एके रात्रीं त्याला वाडींत सोडून देण्याचा विचार सुचतो. अमेरिकेंतील फ्लोरिडांत पाळलेले व चुकून आलेले इग्वाना सुटून इतके वाढले कीं, त्यांनीं बागा खाल्ल्या आणि कालव्यांचे कांठ पोखरले. शेवटीं २०२१ सालीं तेथें ते पाळण्यावरच बंदी आली. डहाणू तालुका तर १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित आहे, आणि आमच्या दमट वाड्यांत त्या प्राण्याला पाल्याची ददात पडावयाची नाहीं.

कायद्याची गोष्ट थोडक्यांत. इग्वाना बाळगणाऱ्यास २०२२ ची कायदादुरुस्ती व २०२४ चे नियम ह्यांप्रमाणें केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. घोरपड मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत असून ती पकडणाऱ्यास किमान तीन वर्षें कैद होऊं शकते. “त्यांच्या घरीं विलायती आहे, मग आमच्याकडे गांवठी असली तर काय झालें?” असें मला एका तरुणानें विचारलें होतें. त्याला मीं जें सांगितलें तेंच आपणांसही सांगतों: जखमी घोरपड सांपडल्यास ती घरीं आणूं नये. तिच्यापासून दूर राहून वनविभागाच्या १९२६ ह्या क्रमांकावर कळवावें, आणि माणसें येईपर्यंत भोंवतालची गर्दी व कुत्रीं हटवावीं.