स्विफ्टचे इंजिन : बाराशे सीसीच्या रेषेअलीकडचे आणि पलीकडचे पर्याय

मे 2024 मध्ये मारुती सुझुकीने स्विफ्टची चौथी पिढी भारतीय बाजारात आणली, तेव्हा एक गोष्ट अनेकांच्या नजरेत खुपली. गाडी नवी, इंजिनही नवे. पण त्याची शक्ती मात्र आधीच्या इंजिनापेक्षा कमी. चार सिलिंडरचे के-सिरीज ड्युअलजेट इंजिन 90 पीएस देत असे. त्याच्या जागी आलेले तीन सिलिंडरचे झेड-12-ई इंजिन सुमारे 82 पीएस देते. टॉर्क 113 वरून 112 न्यूटन-मीटरवर आला, म्हणजे जवळपास तेवढाच राहिला. मोबदल्यात मायलेज वाढले: मॅन्युअल गिअरच्या गाडीसाठी प्रमाणित आकडा लिटरमागे 24.8 किलोमीटर असा आहे. कुटुंबाच्या हिशेबात हा सौदा फायद्याचाच. परंतु स्विफ्टची ओळख केवळ काटकसरीची गाडी अशी कधीच नव्हती. हलके अंग, चटकन वळणारे सुकाणू आणि वरच्या फेऱ्यांपर्यंत खुशीने धावणारे इंजिन यांमुळे ती चालवणाऱ्याची गाडी ठरली. त्यामुळे या गाडीत यापुढे कोणते इंजिन येऊ शकेल, हा प्रश्न तिच्या चाहत्यांपुरता तरी खरा आहे. त्याचे उत्तर शोधताना कारखान्याइतकेच लक्ष दिल्लीतील करआकारणीकडेही द्यावे लागते.

मे 2005 मध्ये स्विफ्ट भारतात आली ती 1298 सीसीच्या पेट्रोल इंजिनासह. पुढच्याच वर्षी, 2006-07 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, लहान मोटारींवरील अबकारी कर 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणण्यात आला आणि ‘लहान मोटार’ म्हणजे काय याची व्याख्याही ठरली. लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल इंजिन 1500 सीसीपर्यंत. स्विफ्टची लांबी व्याख्येत बसत होती, पेट्रोल इंजिन मात्र 98 सीसीने बाहेर पडत होते. गंमत अशी की 2007 मध्ये आलेले 1248 सीसीचे डिझेल इंजिन सवलतीस पात्र ठरले. अखेर 2010 मध्ये पेट्रोल स्विफ्टला 1197 सीसीचे के-12 इंजिन मिळाले. त्याच वर्षी देशातील 13 शहरांत भारत स्टेज-4 चे निकष लागू होणार होते. त्यामुळे इंजिन बदलणे तसेही भाग होते. पण नवे इंजिन नेमके 1200 च्या तीनच सीसी अलीकडे थांबले, यामागचे कारण उघड आहे. तेव्हापासून भारतीय पेट्रोल स्विफ्टने ती रेषा ओलांडलेली नाही.

जपानमध्ये आणि युरोपात याच काळात दुसरीच कथा घडत होती. तेथे ‘स्विफ्ट स्पोर्ट’ नावाची स्वतंत्र आवृत्ती विकली जात असे. 2005 च्या पिढीत तिला 1.6 लिटरचे 125 पीएस इंजिन होते, 2011 च्या पिढीत त्याच क्षमतेतून 136 पीएस मिळू लागले. 2017 मध्ये टर्बोचार्जर असलेले 1.4 लिटरचे बूस्टरजेट इंजिन आले: जपानी आवृत्तीत 140 पीएस, 230 न्यूटन-मीटर आणि गाडीचे वजन फक्त 970 किलो. युरोपात प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर 2020 मध्ये त्याच इंजिनाला 48 व्होल्टची सौम्य हायब्रिड यंत्रणा जोडण्यात आली; शक्ती 129 पीएसवर उतरली, टॉर्क 235 वर गेला. भारतात मात्र स्विफ्ट स्पोर्ट अधिकृतपणे कधीच विकली गेली नाही. जपानमध्येही 2025 मध्ये ‘फायनल एडिशन’ काढून या पिढीचा निरोप घेण्यात आला.

ते 1.4 लिटरचे इंजिन भारतीय स्विफ्टमध्ये बसवावे, ही मागणी वाहनप्रेमींच्या गप्पांत वर्षानुवर्षे ऐकू येते. यांत्रिकदृष्ट्या त्यात अशक्य काही नाही. अडचण कराची आहे, आणि ती कमी होण्याऐवजी वाढली आहे. 22 सप्टेंबर 2025 पूर्वी लहान पेट्रोल मोटारीवर जीएसटी आणि उपकर मिळून 29 टक्के, तर 1200 ते 1500 सीसीच्या गाडीवर 45 टक्के कर पडत असे. नव्या रचनेत हे दर अनुक्रमे 18 आणि 40 टक्के झाले. दोन्ही गाडया स्वस्त झाल्या हे खरे. पण दोहोंतील अंतर 16 वरून 22 टक्के-बिंदूंवर गेले. करापूर्वीची किंमत सात लाख धरली, तर रेषेअलीकडची गाडी 8 लाख 26 हजारांना आणि पलीकडची 9 लाख 80 हजारांना पडते. इंजिनाचा वाढीव खर्च यात धरलेलाच नाही. एवढा फरक सोसून शौकाची गाडी घेणारे ग्राहक आहेत, पण स्वतंत्र आवृत्ती तयार करण्याइतकी त्यांची संख्या आहे, असे मानायला आधार सापडत नाही.

म्हणून विचार करण्याजोगे पर्याय 1200 सीसीच्या आतलेच. त्यांतील सर्वांत जवळचा म्हणजे 998 सीसीचे, तीन सिलिंडरचे बूस्टरजेट इंजिन. ते कंपनीच्या घरातच आहे. एप्रिल 2023 पासून फ्रॉन्क्समध्ये ते 100 पीएस आणि 147.6 न्यूटन-मीटर देते. तीन सिलिंडरची रचना टर्बोचार्जरला मानवते, कारण दर 240 अंशांनी बाहेर पडणारे एक्झॉस्ट वायूचे झोत एकमेकांत अडथळा न आणता टर्बाइन फिरवतात. स्विफ्टचे वजन सव्वानऊशे किलोच्या आसपास आहे. सध्याच्या इंजिनाने तिला टनामागे सुमारे 89 पीएस मिळतात. या टर्बो इंजिनाने ते प्रमाण 105 च्या पुढे जाईल. स्विफ्ट स्पोर्टच्या 144 शी याची बरोबरी नाही. तरीही खरा लाभ टॉर्कचा आहे. चार माणसे, सामान आणि चालू एसी घेऊन चोर्ला घाट चढताना साध्या इंजिनाला वळणावळणावर खालचा गिअर मागावा लागतो. टर्बो इंजिन तेच काम कमी फेऱ्यांत, एका गिअरवर निभावून नेते.

असे असूनही हा बदल होईलच, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मार्च 2017 मध्ये याच जातकुळीचे 102 पीएसचे इंजिन घेऊन बलेनो आरएस आली होती. चालवणाऱ्यांनी तिचे कौतुक केले, खरेदीदारांनी मात्र हात आखडता घेतला. भारत स्टेज-6 च्या तोंडावर, 2020 च्या प्रारंभी, ती बंद झाली. दुसरी अडचण कार्बन उत्सर्जनाच्या सरासरीची. ‘कॅफे’ नियमांनुसार प्रत्येक कंपनीच्या विकलेल्या सर्व गाड्यांची सरासरी मोजली जाते, आणि तिसरा, अधिक कडक टप्पा एप्रिल 2027 पासून प्रस्तावित आहे. लिटरमागे 24.8 किलोमीटर धावणारी स्विफ्ट दर किलोमीटरला साधारण 95 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. फ्रॉन्क्सच्या टर्बो-मॅन्युअलचा 21.5 हा आकडा धरल्यास ते सुमारे 110 ग्रॅम होते. स्विफ्ट हलकी असल्याने फरक थोडा घटेल. पण मोठ्या संख्येने खपणाऱ्या गाडीत प्रत्येक ग्रॅमला किंमत असते.

प्रतिस्पर्ध्यांनी मात्र रेषेच्या आत राहून काय साधता येते ते दाखवले आहे. ह्युंदाईच्या आय-20 एन लाइनने 998 सीसीतून 120 पीएस काढले. टाटांच्या अल्ट्रोझ रेसरने जून 2024 मध्ये 1199 सीसीच्या टर्बो इंजिनातून तेवढेच पीएस आणि 170 न्यूटन-मीटर दिले. मग झेड-12 लाच टर्बोचार्जर का जोडू नये? कारण ते इंजिन मुळात इंधनाचा शेवटचा थेंब पिळून घेण्यासाठी रचलेले आहे. सुझुकी त्याची कमाल औष्णिक कार्यक्षमता 40 टक्के असल्याचे सांगते, आणि ती मिळवण्यासाठी वापरलेले उच्च संपीडन टर्बोच्या दाबाशी जुळत नाही. दाब वाढवायचा तर पिस्टन, शीतकरण, इंधनपुरवठा असे बरेच काही नव्याने आखावे लागेल. त्यापेक्षा जपानी आवृत्तीत आहे तशी 12 व्होल्टची सौम्य हायब्रिड जोड देणे सोपे. सर्वाधिक संभाव्य पर्याय हाच, आणि चाहत्यांच्या दृष्टीने सर्वांत नीरसही.

एक घटक टर्बोच्या बाजूने आहे: ई-20 पेट्रोल. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी असल्याने मायलेज घटते, ही तक्रार सर्वश्रुत आहे. परंतु इथेनॉलचा ऑक्टेन अंक मोठा असतो आणि बाष्पीभवन होताना ते सिलिंडरमधील हवा थंड करते. त्यामुळे ‘नॉकिंग’ म्हणजे अवेळी होणारे स्फोटक ज्वलन लांबते. त्यासाठी आखलेल्या टर्बो इंजिनाला अधिक दाब आणि आधीची ठिणगी परवडते. साध्या इंजिनाला हा लाभ फारच थोडा मिळतो.

शक्ती वाढली की बाकीचे भागही बदलावे लागतात, हे उत्साहाच्या भरात विसरले जाते. क्लच व गिअरबॉक्सची टॉर्क पेलण्याची क्षमता, इंटरकूलरसाठी जागा, सस्पेन्शनचा ताठपणा, आणि ब्रेक. भारतीय स्विफ्टच्या मागील चाकांना आजही ड्रम ब्रेक आहेत. या सर्वांचा खर्च इंजिनाच्या खर्चाइतकाच किमतीत उतरतो.

कंपनीची वाट न पाहता इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून घेण्याचा, म्हणजे ‘रिमॅप’चा, मार्ग काही जण पत्करतात. टर्बो इंजिनात त्याने शक्ती लक्षणीय वाढते; स्विफ्टसारख्या साध्या इंजिनात हाती लागतात ते मोजके पीएस. जोखीम मात्र पूर्ण. वॉरंटी जाते. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याच्या मूळ नोंदींशी विसंगत फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेक्षकाला असा फेरफार आढळल्यास दावा अडवण्यास निमित्त मिळते.