वेचणीला बाया का येत नाहीत?

दिवाळीच्या आगेमागे अमळनेर, धरणगाव, शिंदखेडा, कुठल्याही चहाच्या टपरीवर बसा. कापसाचा विषय निघाला की तिसऱ्या वाक्याला लाडकी बहीण योजना येतेच. ‘सरकार घरबसल्या दीड हजार देतं, मग वेचणीला बाया येतील कशाला?’ शिकलेसवरलेले लोकही यावर मान डोलावतात, आणि त्याला अर्थशास्त्राचा टेकूही देतात: कष्टाविना पैसा मिळू लागला की माणूस कष्ट कमी करतो. ऐकायला हे पटतं. हिशेबाला मात्र टिकत नाही.

वेचणीचा दर किलोला दहा रुपये धरू. भर बहरात, बोंडं नीट फुटलेली असताना, सराईत बाई दिवसाला चाळीस किलो सहज वेचते. म्हणजे रोजचे ४०० रुपये. हंगामात साठ दिवस काम मिळालं तर २४,००० होतात. हंगामाच्या त्या तीन महिन्यांत लाडकी बहीण योजनेचे मिळतात ४,५००. साडेचार हजारांसाठी चोवीस हजारांवर पाणी सोडणारी बाई आळशी नव्हे, अडाणी म्हणावी लागेल. आणि खानदेशातली रोजंदारीची बाई पैशाच्या हिशेबात अडाणी आहे असं तिला मजुरी देणारा शेतकरीसुद्धा म्हणणार नाही.

दुसरं, ही तक्रार योजनेपेक्षा फार जुनी आहे. लाडकी बहीण जाहीर झाली जून २०२४ च्या अर्थसंकल्पात, पहिले हप्ते आले ऑगस्टमध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून चोपडा, यावल, रावेरच्या शिवारात सातपुड्यापलीकडून, बडवानी-खरगोनकडून पावरा-बारेला कुटुंबं कामाला येत आहेत. मजूर गावात पुरत होते तर त्यांना आणावं का लागलं? त्याआधी २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला, दोन रुपयांनी गहू आणि तीन रुपयांनी तांदूळ मिळू लागला, तेव्हा ‘रेशनमुळे मजूर माजले’ असं ऐकू येई. त्याच्याही आधी रोजगार हमीवर हाच राग होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या त्या योजनेचा कायदा १९७७ चा, अंमल १९७९ पासूनचा. आणि १९७२ च्या सुमारास, नंदुरबार अजून धुळे जिल्ह्यातच होता तेव्हा, शहाद्यात आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने जमिनीचा आणि सालदारांच्या मजुरीचा प्रश्न उभा केला, तेव्हा तर कुठलीच योजना खात्यात पैसे टाकत नव्हती. तरीही मजूर माजल्याचं बोललं गेलंच. कारण दर वेळी नवं असतं, तक्रार तीच.

आता जरा अवघड जागेवर बोट ठेवतो. सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला २०१९ पासून पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी ६,००० मिळतात. २००८, २०१७ आणि २०१९ मध्ये कर्जमाफ्या झाल्या. त्यामुळे शेतकऱ्याने तिफण टाकून दिली असं कोणी म्हणालं नाही, आणि म्हणूही नये. मग तोच पैसा भूमिहीन बाईच्या खात्यात गेला की त्याचा आळस कसा होतो? खरं तर लाडकी बहीण योजनेचं वेगळेपण इथंच आहे. ती सातबारा मागत नाही. वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आणि आधारला जोडलेलं स्वतःचं खातं. ज्या घरात जमीन नाही, किंवा आहे ती सासऱ्याच्या नावावर, त्या घरातल्या बाईला शेतीच्या योजनांतून कधी रुपया दिसला नव्हता.

मग काहीच बदललं नाही का? बदललं आहे, आणि तक्रारीतला खरा अंश तिथेच आहे. पहिल्या-दुसऱ्या वेचणीला बाया येतात. अडतं शेवटच्या वेचणीला. पऱ्हाटी वाळत आलेली, बोंडं विरळ आणि किडकी, अर्धवट उघडलेली. दिवसभर ओटी बांधून वाकलं तरी संध्याकाळी बांधावरच्या काट्यावर पंधरा-वीस किलोच्या वर भरत नाही. दर किलोवर, म्हणून हाती येतात दीडशे-दोनशे. त्या तुलनेत मनरेगाचा महाराष्ट्रातला रोजाचा दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये होता. पूर्वी बाई दीडशेलाही येई, कारण वाण्याची उधारीची वही भरलेली असे आणि आठवड्याला बचत गटाचा हप्ता दारात उभा असे. आता दीड हजारांचा आधार आहे, म्हणून ती म्हणते, ‘किलोवर नाही, रोजावर बोला.’ याला आळस म्हणायचं की भाव करणं? कापसाला भाव मिळेपर्यंत तो घरात साठवून ठेवणारा शेतकरी हेच करतो, आणि त्याला आपण शहाणा म्हणतो.

सातपुडा ओलांडून पलीकडे इंदूर जिल्ह्यात याची पद्धतशीर पाहणी झालेली आहे. २०११ पासून दीड वर्ष ‘सेवा’ संस्थेने युनिसेफच्या मदतीने आठ गावांत प्रत्येक प्रौढाला दरमहा आधी २००, मग ३०० रुपये दिले, मुलांना त्याच्या निम्मे. अट काहीही नव्हती. लोक काम सोडून बसले नाहीत. दुसऱ्याच्या बांधावरची रोजंदारी थोडी कमी करून स्वतःच्या शेतात आणि जनावरांत जास्त राबू लागले. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतले सात प्रयोग एकत्र तपासले, त्यातही रोख मदतीने काम घटल्याचा ठोस पुरावा सापडला नाही. बाकी ‘पैसा दारूत जातो’ हा आक्षेप तर इतक्या देशांत तपासून खोटा ठरला आहे की त्यावर इथे जागा घालवत नाही.

शेतकऱ्याची अडचण मात्र खोटी नाही. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये. त्यातले हजार रुपये वेचणीतच जातात. बियाणं, खत, फवारणी वेगळी. ऐन हंगामाच्या तोंडावर, ऑगस्ट २०२५ मध्ये, केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं आणि सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट वेगळीच. गिरणीशी तो भांडू शकत नाही, दिल्लीशी तर नाहीच. हाताशी उरते वेचणारी. राग चुकीच्या दारात उतरतो तो असा.

योजनेवर आक्षेप घ्यायचेच असतील तर घेण्यासारखे पुष्कळ आहेत. वर्षाला ४६,००० कोटींची तरतूद जाहीर करताना तो पैसा कुठून येणार हे सांगितलं गेलं नाही. पुढे आदिवासी विकास आणि सामाजिक न्याय विभागांचा निधी इकडे वळवला गेला. म्हणजे साक्री-शिरपूरच्या ज्या पाड्यावर दीड हजार पोचतात, त्याच पाड्यावरच्या आश्रमशाळेच्या वाट्याला कात्री लागू शकते. बोंडांच्या टोकांनी बोटं सोललेल्या बाईचा अंगठा ग्राहक सेवा केंद्राच्या यंत्रावर उमटत नाही, आणि तिचा एक रोज तिथेच बुडतो. पण सगळ्यात मोठा दोष वेळेचा आहे. २०२४ च्या निवडणुकीआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते आगाऊ, एकदम जमा झाले; नंतर कधी महिना उलटून गेला तरी पत्ता नाही. महिन्याच्या ठरल्या तारखेला येणाऱ्या दीड हजारावर बाई उधारी नाकारू शकते. कधी येईल त्याचा नेम नसलेल्या दीड हजारावर नाही. श्रावण-भाद्रपदात हाताला काम नसतं, आणि ऊसतोडीचे मुकादम साक्री-चाळीसगावकडे उचल वाटायला फिरतात ते याच दिवसांत. हप्ता रखडला की नवरा-बायको जोडीने, ‘कोयता’ म्हणून, उचल घेतात, आणि मग कापूस फुटतो तेव्हा ती बाई गुजरातेत नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडात असते.