एका मागणीवर उभी राहिलेली आघाडी : संयुक्त महाराष्ट्र समिती

या पाठाची सुरुवात भिलाईपासून करू. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात होती, त्याच्या राज्याची राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवशी राज्यपुनर्रचना अमलात आली. दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला. शेजारचा भंडारा आणि विदर्भातील इतर मराठी जिल्हे गुजरातसह मुंबईच्या द्विभाषिक राज्यात गेले. या द्विभाषिकाविरुद्ध मुख्यतः डाव्या पक्षांनी उभारलेली प्रादेशिक निवडणूक आघाडी म्हणजे संयुक्त महाराष्ट्र समिती.

समितीची स्थापना ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात झाली. मुंबई शहर केंद्रशासित करण्याच्या घोषणेनंतर उसळलेल्या आंदोलनात पोलीस गोळीबाराने अनेकांचे बळी घेतले होते. प्रजासमाजवादी पक्ष, कम्युनिस्ट पक्ष, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हे समितीचे प्रमुख घटक होते. जनसंघ आणि हिंदू महासभाही सोबत होत्या. म्हणून समितीला निव्वळ डावी आघाडी म्हणता येत नाही.

ही एकजूट किती अवघड होती, हे लक्षात घ्या. १९४२ च्या 'चले जाव' चळवळीत समाजवादी भूमिगत होऊन लढले. कम्युनिस्टांनी त्या चळवळीला विरोध केला. तरीही समाजवादी एस. एम. जोशी आणि कम्युनिस्ट श्रीपाद अमृत डांगे एका व्यासपीठावर आले. मार्ग सोपा होता: मुंबईसह मराठी भाषकांचे राज्य या मागणीवर एकमत, बाकी मतभेद बाजूला. जागा वाटून घ्यायच्या आणि काँग्रेसविरोधी मते फुटू द्यायची नाहीत.

१९५७ च्या निवडणुकीत याचे फळ दिसले. मुंबईतून डांगे, पुण्यातून ना. ग. गोरे, साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील, नाशिकहून दादासाहेब गायकवाड लोकसभेवर गेले. हे चौघे चार वेगवेगळ्या पक्षांचे नव्हते, पण तीन पक्षांचे नक्की होते. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची पीछेहाट झाली. तरी ३९६ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला २३४ जागा मिळाल्या, कारण गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याने तिला सावरले. म्हणजे समितीने सत्ता जिंकली नाही. द्विभाषिक राज्य मराठी मुलखाला मान्य नाही, हे मतपेटीतून सिद्ध केले. १९५९ मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष असताना पक्षाने द्विभाषिकाचा फेरविचार केला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले.

आता खरा प्रश्न येतो. मागणी मान्य झाल्यावर समितीने काय करायचे? प्रजासमाजवादी बाहेर पडले. बेळगाव-कारवारचा सीमाप्रश्न बाकी आहे, असे सांगत इतरांनी समिती चालू ठेवली. पण जमीन, मजुरी, सहकार यांवर सामायिक कार्यक्रम कधी तयारच झाला नव्हता. दुसरीकडे, यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसने नव्या राज्याचे श्रेयही घेतले. १९६२ मध्ये २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला मिळाल्या.

अशीच गोष्ट स्पेनमध्येही दिसते. फेब्रुवारी १९३६ मध्ये कॅटलोनियातील डाव्या पक्षांनी आघाडी केली, ती जिंकली आणि तुरुंगातील नेते लुईस कंपनीस सुटून पुन्हा प्रादेशिक सरकारचे प्रमुख झाले. तिथेही स्वायत्ततेचा प्रश्न आणि डावे राजकारण एकत्र आले होते.

समिती फसली, असे म्हणू नका. ज्यासाठी ती जन्मली, ते तिने मिळवले. पण ज्या मौनामुळे ती एकत्र राहिली, त्याच मौनामुळे मागणी पूर्ण झाल्यावर तिच्याकडे बोलण्यासारखे थोडेच उरले. कोणत्याही आघाडीचा अभ्यास करताना दोन गोष्टी विचारा: तिचे एकमत कशावर आहे? आणि कशावर न बोलण्याचे तिने ठरवले आहे?