टांक्यांची देवघेव

दुपारचीं कामें आटोपलीं कीं शेजारची वहिनी दोऱ्याचा गुंडा आणि क्रोशाची सुई घेऊन येते. तिच्या मांडीवर अर्धवट विणलेला रुमाल असतो. पाहणारी विचारते, “हें फूल कसें हो केलेंत, वहिनी?” त्यावर वहिनी व्याख्यान देत नाहीं. ती चार खांब आपण घालून दाखविते, मग शेजारणीच्या हातीं सुई देऊन चार तिच्याकडून घालवून घेते, आणि एखादा चुकला तर हंसत हंसत उसवून टाकते. घटकाभरांत तें फूल एका घरांतून दुसऱ्या घरांत गेलेलें असतें.

या देवघेवींत कागद नाहीं, पैसा नाहीं, गुरुदक्षिणा नाहीं. म्हणूनच ती क्षुल्लक वाटते. परंतु हातांतली विद्या समोर नसलेल्या मनुष्याला कशी द्यावी, ती कोणाला द्यावी आणि कोणापासून राखून ठेवावी, हे प्रश्न त्या फुलाच्या पाठीमागें उभे आहेत. एके काळीं या प्रश्नांच्या उत्तरांवर हजारों घरांतल्या चुली पेटणें न पेटणें अवलंबून होतें. तें प्रकरण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचें, आयर्लंड देशांतलें आहे.

विणकामाच्या दोन बहिणी आहेत. थोरली दोन सुयांवर लोकर विणते. धाकटी एकाच आंकडीदार सुईनें दोरा गुंफते. थोरलीचें वय बरेंच मोठें. ईजिप्तमध्यें मध्ययुगांतील सुती मोज्यांचे तुकडे सांपडले आहेत, आणि त्यांवरची निळीपांढरी नक्षी पाहिली म्हणजे विणणाऱ्याचा हात चांगला मुरलेला होता हें लगेच ध्यानांत येतें. युरोपांतील कित्येक शहरांत पुढें हा पुरुषांचा धंदा झाला. त्यांचे संघ असत, उमेदवारीचीं वर्षें ठरलेलीं असत, आणि संघाबाहेरच्याला त्या धंद्यांत शिरकाव नसे. इ. स. १५८९ च्या सुमारास विल्यम ली या इंग्रजानें मोजे विणण्याचें यंत्र काढलें. धंदा हळूहळू यंत्राकडे गेला आणि हातविणकाम गरिबांच्या व गृहिणींच्या हातीं राहिलें. संघाचें कुलूप निघालें. परंतु विद्या अजून डोळ्यांनीं पाहूनच घ्यावी लागे.

धाकटी बहीण याहून पुष्कळच लहान आहे. ‘क्रोशे’ म्हणजे फ्रेंच भाषेंत लहानशी आंकडी. आज जें काम क्रोशाचें म्हणून ओळखलें जातें, त्याचा अठराव्या शतकाच्या अखेरीपूर्वींचा निश्चित पुरावा मिळत नाहीं. त्याचे पहिले छापील नमुने इ. स. १८२३ मध्यें ‘पेनेलोपे’ नांवाच्या एका डच मासिकांत आले असें मानतात. विणकामाच्या इतिहासांत ही मोठीच क्रांति होय. कारण जिचा हात कधीं पाहिला नाहीं अशा बाईकडून क्रोशाचा टांका शिकण्याची सोय तेव्हां झाली.

सोय झाली खरी, पण ती सोपी नव्हती. फुलाचें चित्र काढतां येतें. टांक्याची चाल शब्दांत पकडणें कठीण. एडिंबरो शहरांत जेन गोगेन नांवाची एक बाई लोकर व सुईकामाचें साहित्य विकीत असे. दुकानांत येणाऱ्या स्त्रियांना नमुने पुरवितां पुरवितां प्रत्येक टांक्यासाठीं लांबलचक वाक्य लिहिणें तिला अवघड वाटूं लागलें असल्यास नवल नाहीं. तिनें टांक्यांना अक्षरांच्या खुणा ठरविल्या, आणि इ. स. १८४० मध्यें तिचें पुस्तक छापून निघालें. तीन वर्षांनीं लंडनच्या फ्रान्सिस लँबर्टबाईंनीं आपलें विणकामाचें पुस्तक काढलें. पुढें अशीं पुस्तकें भराभर निघूं लागलीं. पण खुणांचा मेळ मात्र लवकर बसेना. एकीची खूण दुसरीला कळत नसे. गायकांच्या स्वरलेखनाचा जो इतिहास आपल्याकडे झाला, त्याच्याशीं याचें विलक्षण साम्य आहे. विद्या लिहून ठेवावयाची तर आधीं लिपीवर एकमत व्हावें लागतें.

तें एकमत आजही पुरतें झालेलें नाहीं. इंग्लंडांतील स्त्री ज्याला ‘डबल क्रोशे’ म्हणते, त्यालाच अमेरिकेंतील स्त्री ‘सिंगल क्रोशे’ म्हणते. आणि अमेरिकेंतला ‘डबल’ हा त्याहून उंच, निराळाच टांका असतो. इंग्लंडांत छापलेला नमुना अमेरिकेच्या रीतीनें विणला, तर वाटोळा रुमाल भलताच पसरतो आणि विणणारी मात्र स्वतःच्या हाताला दोष देत बसते. मराठी घरांनीं या भानगडींतून आपली सुटका मोठ्या चतुराईनें करून घेतली. त्यांनीं परकीय नांवें घोकलीं नाहींत. टांका जसा दिसतो तसें त्याला नांव दिलें. कडींत कडी अडकली ती साखळी, उभा राहिला तो खांब, आणि बुटका, दबलेला तो मुका खांब. दोन सुयांच्या कामांत सुलट आणि उलट. पांच शब्दांत अर्धी विद्या झाली.

आतां आयर्लंडकडे वळावयाचें. इ. स. १८४५ मध्यें त्या देशांत बटाट्याच्या पिकावर बुरशीचा रोग पडला. गरीब शेतकऱ्याचें सारें अन्न म्हणजे बटाटा. तो जमिनींतच काळा पडून सडूं लागला. पुढचीं वर्षें याहून वाईट गेलीं. अशाही काळांत देशाबाहेर धान्य आणि गुरें जात राहिलीं. इ. स. १८४१ च्या खानेसुमारींत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांवर होती, इ. स. १८५१ मध्यें ती ६५ लाखांच्या आसपास आली. सुमारें दहा लाख माणसें भुकेनें आणि तापानें मेलीं, आणि जवळजवळ तितकींच जहाजें धरून परदेशीं गेलीं.

जमिनीनें हात आंखडला, तेव्हां घरांतल्या बायकांचे हात पुढें आले. कॉर्क शहराजवळ ब्लॅकरॉक येथें अर्सुलाइन पंथाच्या जोगिणींचा मठ होता. तेथें गरीब मुलींना क्रोशाचें काम शिकविलें जाई. त्याच सुमारास, इ. स. १८४६ मध्यें, एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईनें आपलीं पुस्तकें काढण्यास सुरुवात केली. हिची आई आयरिश होती. जुन्या व्हेनिस शहरची सुईची लेस ही राजेरजवाड्यांची वस्तु. तिचा एक गळपट्टा करावयास महिनेच्या महिने लागत. तिच्यासारखी उठावाची नक्षी क्रोशाच्या आंकडीनें पुष्कळ कमी वेळांत साधतां येते, हें या बाईच्या नमुन्यांनीं दाखवून दिलें. दुष्काळांतल्या घराला या ‘कमी वेळांत’ या दोन शब्दांची किंमत फार मोठी होती.

दुसरा गुण साहित्याचा. गादीवरच्या लेसला उशी लागते, डझनांनीं रिळें लागतात. क्रोशाला एक आंकडी आणि सुती दोरा पुरतो. आंकडीही विकत घ्यावी लागत नसे. रफूच्या जाड सुईचें नेढें अर्धें घासून काढलें आणि ती लाकडाच्या मुठींत बसविली, कीं हत्यार तयार. ज्या झोंपडींत दाणा नव्हता तेथेंही हा कारखाना उघडतां येत होता.

या विद्येचा प्रवास हाच या कथेचा गाभा आहे. किल्डेअर परगण्यांत थॉर्नटन येथें रॉबर्ट्सबाई नांवाच्या एका गृहिणीनें आपल्या भागांतल्या गरीब बायकांना हें काम शिकविलें. त्यांतल्या तयार झालेल्या शिकविणाऱ्या इतर परगण्यांत जाऊं लागल्या. उत्तरेकडे मॉनहन परगण्यांत क्लोनिस नांवाचा गांव आहे. तेथें इ. स. १८४७ मध्यें धर्मोपदेशकाची पत्नी कॅसँड्रा हँड राहावयास आली. गांवची दशा पाहून तिनें थॉर्नटनहून एक शिक्षिका बोलावून घेतली. एका बाईनें चार जणींना शिकवावें, चौघींनीं आपापल्या लेकींना आणि जावांना. असें होतां होतां क्लोनिसच्या आसपासचीं खेडींच्या खेडीं क्रोशे विणूं लागलीं. पाहतां पाहतां क्लोनिस हें आयरिश लेसचें एक प्रमुख ठाणें झालें. तेथल्या बायकांनीं शिकविलेलें तेवढेंच गिरविलें असेंही नाहीं. जाळींत मधून मधून येणारी एक गोल, भरीव गांठ आजही ‘क्लोनिसची गांठ’ म्हणूनच ओळखली जाते.

ही लेस करण्याची रीतच मोठी मिळूनमिसळून राहण्याची आहे. सगळा गळपट्टा एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत विणीत जात नाहींत. आधीं गुलाब, त्रिदल, वेलीचीं पानें, द्राक्षांचे घोस असे तुकडे स्वतंत्र करावयाचे. उठाव यावा म्हणून आंत जाड दोरा घालावयाचा. मग ते तुकडे कापडावर हवे तसे मांडून टांचावयाचे, आणि मधल्या मोकळ्या जागा जाळीनें भरून काढावयाच्या. शेवटीं कापड सोडवून घेतलें कीं हातीं लेस उरते. त्यामुळें एक बाई गुलाबांत तरबेज, दुसरी पानांत, तिसरी जाळींत, अशी वांटणी सहज होई. एका गळपट्ट्यांत अनेक घरांचे हात एकत्र येत. तो कोणा एकीचा नसे, आणि सगळ्यांचा असे.

तथापि या चित्राला दुसरीही बाजू आहे. सर्वांना साखळी येऊं लागली, खांब येऊं लागला, तेव्हां बाजारांत भाव कोणाला मिळणार? जिचा गुलाब निराळा तिला. म्हणून क्लोनिसच्या मुलुखांत कित्येक घराण्यांनीं आपापले नमुने राखून ठेवले. ठराविक फूल ठराविक घरांतच होई. परकी बाई दारांत आली कीं काम झांकून ठेवीत, असें सांगतात. शेजारणीपासून टांका लपविणें हें आपल्याला क्षुद्रपणाचें वाटेल. परंतु ज्या बाईच्या पोरांची भाकर एका गुलाबावर अवलंबून आहे, तिनें तो गुलाब पदराआड धरला तर तिला नांवें ठेवण्याचा अधिकार पोट भरलेल्यांना कितपत आहे? विद्या वांटली म्हणून गांव जगला; नमुना राखला म्हणून घर जगलें. दोन्ही गोष्टी एकाच गांवांत, बहुधा एकाच बाईच्या मनांत, शेजारीं शेजारीं नांदत होत्या.

दुष्काळ सरल्यावर या लेसला मोठे दिवस आले. इ. स. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत ब्रांशार्दिएरबाईंना पदक मिळालें. विसाव्या शतकाच्या आरंभीं पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या स्त्रिया आयरिश क्रोशाचे झगे घालून मिरवूं लागल्या. पुस्तकें लिहिणाऱ्यांचीं आणि शाळा चालविणाऱ्यांचीं नांवें इतिहासांत राहिलीं. ज्यांनीं ते गुलाब केले त्यांचीं नांवें त्या झग्यांवर कोठेंही नव्हतीं. इकडे स्वित्झर्लंडांतील व जर्मनींतील यंत्रांनीं याच नक्षीची नक्कल सुरू केली. यंत्रानें कापडावर भरतकाम करावयाचें, आणि मग रसायनानें खालचें कापडच विरघळवून टाकावयाचें. उरते ती लेस. आयरिश बाईनें शेजारणीपासून लपविलेलें फूल यंत्रानें दुकानाच्या कांचेंतून उचललें. राखण करावी ती दाराशीं, आणि चोरी व्हावी ती बाजारांत, असा हा प्रकार झाला. पुढें इ. स. १९१४ चें महायुद्ध आलें, पोशाख बदलले, आणि तो व्यापार ओसरला.

असाच एक प्रवास आपल्या देशांतही झाला आहे. गोदावरी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरीं उगम पावते आणि आंध्रांत समुद्राला मिळते. तिच्या त्या मुखाजवळच्या नरसापूर भागांत इ. स. १८४४ च्या सुमारास मॅक्रे नांवाच्या स्कॉटिश मिशनरी दांपत्यानें लेस विणण्याची कला आणली. तेथें ती घरोघरीं पसरली आणि तिचा माल परदेशीं जाऊं लागला. जर्मन विदुषी मारिया मीस यांनीं या स्त्रियांवर इ. स. १९८२ मध्यें एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या या बायकांना कामगार असें कोणी म्हणत नसे. घरीं बसल्या बसल्या वेळ घालविणाऱ्या गृहिणी, अशीच त्यांची गणना होई, आणि म्हणून त्यांची मजुरीही तशीच राही. व्यापार बहुतेक पुरुषांच्या हातीं होता. इ. स. २०२४ मध्यें नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक निर्देशाची नोंदणी मिळाली. नांवाचें रक्षण झालें. हातांना त्याचें मोल किती मिळतें, यावरच त्या नोंदणीचें सार्थक ठरावयाचें आहे.

आयर्लंडच्या त्या गुलाबांचें पुढें काय झालें? जे टांके वांटले गेले होते ते टिकले. साखळी, खांब आणि क्लोनिसची गांठ आज जगांत कोठेंही शिकतां येते. घराच्या पेटींत राहिलेल्या नमुन्यांचें मात्र कठीण झालें. लेकी परदेशीं गेल्या, आज्या निवर्तल्या, आणि फूल उरलें तें एखाद्या जुन्या गळपट्ट्यावर. तें पुन्हां विणावयाचें तर भिंग लावून एकेक टांका मोजावा लागतो. इ. स. २००२ मध्यें मॉइरे ट्रेनर यांनीं क्लोनिस लेसचा इतिहास आणि नमुने एकत्र छापून प्रसिद्ध केले. एके काळीं पदराआड धरलेली विद्या ज्याला हवी त्याच्या पुढें उघडी झाली. भाकरीची भीति त्या फुलांवर आतां राहिली नव्हती. भीति उरली होती ती विसरण्याची.

म्हणून दुपारच्या त्या साध्या प्रसंगाकडे जरा आदरानें पाहावयास हवें. वहिनीनें शेजारणीच्या हातीं सुई दिली, तेव्हां तिच्या पदरचें कांहींच उणें झालें नाहीं. तिचें फूल तिच्याकडे राहिलें आणि आणखी एका घरांतही उमललें. एवढी निर्धास्त उदारता जिला परवडते ती भाग्यवान. आणि जिला परवडत नाहीं, जिला टांका विकून दिवस काढावा लागतो, तिच्या रुमालाची किंमत करतांना घांसाघीस करूं नये, इतकें तरी या इतिहासानें शिकवावें. उसवलेला टांका पुन्हां घालतां येतो. विणणारा हात एकदां थांबला म्हणजे त्याची विद्या कोणत्याच सुईवर पुन्हां चढत नाहीं.