चिपची चिपलेट कशी झाली

इंग्रजीत ‘चिप’ म्हणजे मुळात लाकूड तासताना उडणारा तुकडा, आपल्या सुताराकडची ढलपी. सिलिकॉनच्या चकतीतून कापून काढलेल्या इवल्या चौकोनाला हे नाव पडलं, तेव्हा ते चपखल होतं. पुढे ढलपी वाढत गेली. एनव्हिडियाची एच-१०० ही चिप ८१४ चौरस मिलिमीटरची आहे आणि तिच्यावर ८० अब्ज ट्रान्झिस्टर आहेत. याहून फार मोठी चिप नेहमीच्या पद्धतीनं छापताच येत नाही, कारण छपाईचं यंत्र एका वेळी २६ बाय ३३ मिलिमीटर एवढ्याच जागेवर नक्षी उमटवतं.

तुकडाच एवढा थोराड झाल्यावर लहान तुकड्याला वेगळं नाव हवंच होतं. ‘बुकलेट’मधला ‘लेट’ जोडून ‘चिपलेट’ हा शब्द तयार झाला. ढलप्याची ढलपी करणाऱ्या मराठीला ही रीत ओळखीचीच. अखंड चिपला म्हणतात ‘मोनोलिथिक’. ग्रीकमध्ये ‘मोनोस’ म्हणजे एक, ‘लिथोस’ म्हणजे दगड. वेरूळच्या कैलास लेण्याला आपण ‘एकाश्म’ म्हणतो, तोच हा शब्द.

मला या दोन शब्दांत कारागिरीचा खरा पेच दिसतो. चकतीवर कुठे ना कुठे दोष राहतोच, आणि चिप जितकी मोठी तितका तो तिच्या वाट्याला येण्याचा संभव अधिक. सदोष भाग बंद करून काही चिपा वाचवतात, तरी नुकसान होतंच. लहान तुकड्यांत बिघडला तेवढाच टाकायचा. पण मग सांधे येतात. एका तुकड्यातून दुसऱ्यात माहिती नेताना वेळ आणि वीज खर्च होते, आणि ग्राफिक्सच्या चिपमध्ये हजारो गणनाघटकांना एकाच स्मृतीशी सतत बोलावं लागतं.

एएमडीनं २०२२च्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्स या ग्राफिक्स कार्डात म्हणूनच फार विचारपूर्वक करवत चालवली. गणनेचा गाभा सुमारे ३०० चौरस मिलिमीटरचा, अखंड ठेवला. कॅशे (हाताशी ठेवलेली वेगवान स्मृती) आणि मुख्य स्मृतीशी जोडणारा भाग तेवढा सहा छोट्या तुकड्यांत, जुन्या आणि स्वस्त निर्मितीप्रक्रियेवर काढला. नव्या प्रक्रियेत गणनेचे मंडल बरेच आक्रसते, स्मृतीचे तेवढे आक्रसत नाही. तिथे महाग जागा कशाला खर्चायची?

एनव्हिडियाच्या २०२४च्या ब्लॅकवेल या चिपमध्ये मात्र जवळजवळ छपाईच्या मर्यादेएवढे दोन तुकडे सेकंदाला १० टेराबाइटच्या दुव्यानं जोडले आहेत, आणि सॉफ्टवेअरला ते एकच प्रोसेसर म्हणून दिसतात. एवढ्या मोठ्या तुकड्यांना ‘चिपलेट’ म्हणायला माझी जीभ वळत नाही.