वणवा, कायदा आणि वनमजूर

वणवा म्हणजे निसर्गाचा कोप, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यापुरते तरी ते खरे नाही. येथील पानगळीच्या जंगलात उन्हाळ्यात आग लागते ती बहुधा माणसाच्या हातून. मोहाखालचा पाचोळा जाळला की पहाटे गळालेले फूल स्वच्छ दिसते. तेंदूच्या झुडपावरून आग गेली की विडीला हवी तशी कोवळी पालवी फुटते. तेव्हा काडी लावणाऱ्याला दुष्ट म्हणून भागत नाही; त्याच्या पोटाचा हिशेब त्या आगीत असतो. सरकारी धोरणाने हा हिशेब कधी विचारात घेतला आणि कधी टाळला, हाच आमच्या मते वणव्याचा खरा इतिहास होय.

१८६१ साली मध्य प्रांत झाला आणि भंडारा त्यात आला. त्याच दशकात या प्रांताचे वनाधिकारी पिअर्सन यांनी सातपुड्यातील बोरीचे जंगल आगीपासून राखून दाखवले. त्यामुळे वणवा अटळ नाही, हे सिद्ध झाले. पुढे १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणे गुन्हा ठरवले आणि १९२७ च्या कायद्याने ते कायम केले. या दुसऱ्या कायद्याचे २६ वे कलम मुळातून वाचण्याजोगे आहे. कोणी जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर त्या जंगलातील चराईचे व वनोपजाचे सर्व हक्क सरकार काही काळ तहकूब करू शकते. म्हणजे काडी एकाने ओढावी आणि शिक्षा साऱ्या गावाने भोगावी! ७९ वे कलम तर हक्कदारांवर आग विझवण्यास मदत करण्याचे बंधन घालते. त्या श्रमाच्या मोबदल्याची भाषा मात्र तेथे नाही.

१९५१ साली मालगुजारी गेली आणि मालगुजारांची जंगले सरकारकडे आली. १९६९ च्या कायद्याने तेंदूपानाचा व्यापार सरकारने आपल्या नियंत्रणाखाली घेतला. धनी बदलला, पान तोडणारी बाई पूर्वीप्रमाणेच पुड्यांच्या मोजणीवर राहिली. वास्तविक, हंगामापूर्वी झुडपे छाटली तरी तीच कोवळी पालवी मिळते, आग लावावी लागत नाही. पण छाटणीला मजुरी पडते आणि काडी फुकट मिळते. पुढच्या वर्षीच्या पानावर ज्याचा हक्क नाही, त्याने आज पदरमोड का करावी?

या प्रश्नाला पहिले धड उत्तर २००६ च्या वनहक्क कायद्याने दिले. गौण वनोपजाची मालकी आणि जंगल राखण्याचा अधिकार त्याने गावाला दिला. शेजारच्या गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ साली असा सामूहिक हक्क मिळवला. जंगल आपले झाले की ते राखण्यात आपलाच फायदा असतो, हे सांगायला मग शिपाई लागत नाही.

दुसरी बाजू विझवणाऱ्याची. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानते. त्यापूर्वी जाळरेषा काढायच्या असतात. म्हणजे ठराविक पट्ट्यातला पालापाचोळा आपणच आधी जाळून टाकायचा, की वणवा तेथे येऊन उपाशी मरावा. आता उपग्रहावरून आगीची खबर येते, पाचोळा उडवणारी यंत्रेही आली. तरी ज्वाळेसमोर उभा राहतो तो रोजंदारीचा मजूरच. ८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन वनमजूर मृत्युमुखी पडले. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत ते जंगल आमच्याच जिल्ह्यात मोडत होते.

आम्ही विडी कामगारांत वावरलेली माणसे. वनशास्त्र आम्ही शाळेत शिकलो नाही. परंतु दीडशे वर्षांच्या या हकिकतीतून एक गोष्ट आम्हांला उघड दिसते. बंदीचा हुकूम स्वस्त असतो, म्हणून तो आधी निघतो. मजुरी, विमा आणि हक्क यांना पैसे पडतात, म्हणून ते मागे राहतात. जाळरेषा वेळेवर काढणाऱ्याला पुरी मजुरी, आगीत उतरणाऱ्याला संरक्षक साधने व विमा, झुडपे छाटणाऱ्याला दाम आणि गावाला वनोपजाचा हक्क, एवढे आधी द्यावे. मग कलम २६ खुशाल वापरावे. ते वापरण्याची पाळी क्वचितच येईल.